बिरूचा खण

कंपनीतल्या पहिल्या पगारातून बिरूनं बहिणीला हिरवा जरीकाठी खण घेतला, त्याला सात दिवाळ्या झाल्या. कुशाबाईनं तो शिवला नव्हता. कारणांना तोटा नव्हता. एका वर्षी म्हैस व्यायली, शेणात कोण घालणार? पुढं अंग भरलं, मग उतरलं. एकदा खण गावात शिवणकाम करणाऱ्या रजियाच्या मशिनीपर्यंत पोचला, पण कात्री दिसताच कुशाबाईनं परत ओढून घेतला.

नणंद सारजाबाई मांडवगणहून आली की पेटी उघडायला लावायची. "वैनी, अंडी घालतोय व्हय गं खण?"

यंदा नागपंचमीला नवरा ज्ञानूही वैतागला. "कसर खाईल तवा शिवशील!"

कुशाबाई तिरीमिरीत उठली आणि खण घेऊन रजियाकडं गेली. पंचमीला कापत-चिरत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण एक रात्र गेली असती तर धीरही गेला असता.

"आक्का, आज चालतंय का तुमच्यात?" रजियानं विचारलं.

"लाव कात्री. कुणाला सांगू नको."

तिसऱ्या दिवशी विहिरीवर मोटारीचा शॉक बसून ज्ञानू गेला.

तेराव्याला बिरूनं माहेरची राखाडी साडी बहिणीच्या मांडीवर ठेवली. रजियाही भेटायला आली, शिवलेला झंपर कागदात घेऊन. कुशाबाईच्या आधी सारजाबाईचा हात पुढं झाला.

"अगंबाई! कवा टाकला शिवायला?"

"पंचमीला," रजिया बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.



"सणाची कात्री लावलीस," सारजाबाई म्हणाली. "खाल्लास माझा भाऊ."

कुशाबाईनं बिरूकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. "ताई, तुला आता हिरवं चालायचं न्हाई. सारजाआक्का सवाष्ण हायत. देऊन टाक."

"पण त्यो तर पंचमीचा..." कुशाबाई पुटपुटली.

"दोष कापडाचा नसतो, कापणारीचा असतो," म्हणत सारजाबाई झंपर घालून बघायला दाराआड गेली. तिथूनच ओरडली, "काखेत काचतोय गं! रजिया, उसव. ब्लेड दे हिला, वैनी."

कुशाबाईनं ब्लेड आणलं, तोवर सारजाबाई झंपर उतरवून बाहेर आली. रजियाला ब्लेड धड धरता येईना.

"राहू दे, तू फाडशील. वैनीच उसवील. तिला आता काय काम हाय?"

कुशाबाईनं झंपर मांडीवरच्या राखाडी साडीवर पसरला आणि पहिला टाका तोडला.

"हळू," सारजाबाई वाकून म्हणाली. "जरीला लागंल."