चार बोटं कागद

फ्रेमवाल्याने चित्र बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि तो उभाच राहिला. त्याच्या बायकोला जाऊन दीड महिना झाला होता. चित्रकला ती या बाईंकडेच शिकायची. हे तिचं शेवटचं चित्र. किटली, दोन कप, चार कांदे, एक सुरी.

"बाई, मी फ्रेमा ठोकणारा माणूस. मला यातलं ओ की ठो कळत नाही. एवढंच सांगा, हे काढताना ती सुखात होती का?"

"कांद्यांना विचारताय होय? तिलाच नाही का विचारायचं?" बाई हसल्या, पण त्याचा चेहरा पाहून ओशाळल्या.

"होती तेव्हा विचारलं नाही," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला. "रंग छान उबदार आहेत. पण मांडणी... सगळं डाव्या कडेला रेटलंय. हा कप तर अगदी घुसमटलाय."

"म्हणजे माझ्या घरात तिचा जीव गुदमरत होता." तो मटकन खुर्चीत बसला.

"थांबा हो. उजेड डावीकडून येतोय. उजेडाच्या बाजूला ती हमखास जागा सोडायची." बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "हे कापलंय का?"

"चार बोटं. दुकानात एक सागवानी फ्रेम तयार होती, तिच्यात बसत नव्हतं. डावीकडे काही नव्हतंच."

"काहीच नव्हतं? खिडकी, सावली, एखादी रिकामी खुर्ची?"

मापं त्याला तोंडपाठ होती. पोलादी पट्टी लावून एका दमात मारलेलं पातं आठवत होतं. कागदावर काय होतं, ते काही केल्या आठवेना. त्याने पाहिलंच नव्हतं.

"तो तुकडा?"

"कचऱ्यात. गाडी रोज येते." तो पुढे झुकला. "अंदाजाने सांगा ना, बाई."

"अंदाजाने तुम्हाला बरं वाटेल असं सांगता येईल. खरं नाही."

"मग बरं वाटेल असंच सांगा."

बाईंनी चित्र जवळ ओढलं. ती सुखात होती, म्हणाल्या. ते दोन कप कसे एकमेकांकडे कललेत, किटलीवरचा उजेड कसा मऊ आहे, सगळं सावकाश समजावून सांगत राहिल्या. तो मान डोलवत राहिला. एकाही शब्दावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि त्या थांबल्या की तो म्हणायचा, "अजून सांगा."