वीतभर पिंपळ

"अवो, चांगल्या झाडाला बोडकं का करताय?"

केसर ओले हात पदराला पुसत पडवीत आली. शिवदास कुंडीतल्या पिंपळाची पानं कात्रीनं कापत होता. पिंपळ वीतभर उंचीचा. देठ तेवढे राखायचे आणि पान उडवायचं. बोटं चिकानं बरबटली होती.

"चैतात जुनी पानं काढली की नवी बारकी येतात. जपानात असंच करतात."

"तुमच्या जपानात मुंजा न्हाय. हितला मानगुटीवर बसंल."

"एवढ्याशा झाडातला मुंजा केवढा असंल? तुझ्या नथीएवढा!"

केसरला हसू आलं. पण त्या झाडाचा तिला रागही होता. शिवदासचा उमेदीचा काळ बोटीवर कोळसा टाकण्यात गेला. लढाईआधी बोट कोबे बंदरात दुरुस्तीला अडकली, तेव्हा एका म्हाताऱ्या माळ्याकडून तो झाड कुंडीत बुटकं राखायची ही विद्या शिकला. स्वातंत्र्याच्या साली श्रीवर्धनला कायमचा परतला, तो विहिरीच्या कठड्यात उगवलेलं हे रोप घेऊन बसला. इतकी वर्षं वाट बघितली ती केसरनं, आणि नवरा बघत बसायचा झाडाकडे.

पानं संपली. चुलीत तापवून नरम केलेली तांब्याची तार त्यानं फांदीला गुंडाळायला घेतली. अलीकडे त्याचे हात कापायचे. तार निसटली, फांदीला हिसका बसला आणि ती बुंध्यापाशी उकलली.

शिवदासनं तार खाली टाकली. मग कुदळ घेऊन उठला.

"कुठं निघालात?"

"वाडीत लावून टाकतो. वाढू दे कसं वाढायचं ते. माझ्यानं आता व्हायचं न्हाय."

केसरनं त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली. अबोलीची वेणी बांधायला भिजवलेला केळीच्या सोपटाचा धागा आणला, चीर दाबून घट्ट बांधली आणि तार उचलली.

"सांगा, कुठनं सुरू करू?"

"बुडापासनं. तिरकी घे. आवळू नको गं, सालीत रुतंल!"

"अबोली आवळली तर तुटते. मला शिकवताय व्हय?"

दुपारभर दोघं भांडली. फांदी खाली झुकवायची, असं त्याचं म्हणणं. केसरनं ती समुद्राकडे वळवली. त्यानं मान तिरकी करून पाहिलं, आणि तो म्हणाला, "बरं दिसतंय."

पालवी आली ती तांबूस, चिंचोक्याएवढी. उकललेल्या फांदीवर सगळ्यात शेवटी आली. बघायला आलेला मेहुणा म्हणाला, "भावजी, तुमचा हात लागला की झालं!"

"माझा कुठला? हात हिचा. मी नुसता वरडायला."

केसर लगबगीनं चहा टाकायला आत गेली.

श्रावणात शिवदासला पेजेची वाटीही धरवेना. केसर समोर बसून चमच्यानं भरवायची. अर्ध्यावर तो हात वर करायचा.

"जरा डावीकडं फिरव."

"काय, वाटी?"

"झाड गं. ऊन एकाच बाजूला पडतंय."

"आधी हा घास."

तो मुकाट्यानं तोंड उघडायचा. ती त्याचे ओठ पुसायची, आणि मग उठून कुंडी फिरवायची.