टेकडीचा सरळ फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. वाढदिवसाला सगळ्यांना हसायला लावणारा नव्हे. विमानाच्या तळाला भोक पाडून मला तिथे घट्ट बसवले आहे. दरवर्षी एकाच उंचीवरून, एकाच रेषेत उडायचे आणि माणसाने जमिनीचे काय केले ते टिपायचे, एवढेच माझे काम. शेतांच्या जागी गोदामे आली, तळे बुजवून वाहनतळ झाला. सुरुवातीला जीव तुटायचा. पुढे पुढे काही वाटेनासे झाले.

आमच्या वैमानिकाची आई टेकडीखालच्या घरात एकटी राहायची. आमची रेषा नेमकी तिच्या घरावरून जायची. ती गच्चीवर हात हलवत उभी असे आणि हा पठ्ठ्या पंख तिरका करून तिला सलाम ठोकायचा. पंख तिरका झाला की मीही तिरका. टेकडीचा फोटो वाकडा यायचा, आणि वाकड्या फोटोवरून मोजमाप होत नाही. नकाशे करणाऱ्या बाई तो सरळ कचऱ्यात टाकत.

"आलात वाटतं आईला भेटून?" त्या विचारत.

"टेकडी कुठं पळून जातेय, बाई? पुढच्या वर्षी काढू," वैमानिक म्हणायचा. बाईही हसून सोडून देत.

मग तिथे दगडाची खाण आली. घराकडची बाजू राखून अर्धीच टेकडी फोडायची परवानगी होती. खाणवाल्यांनी तीही बाजू फोडली. आईच्या भिंतींना तडे गेले. ती बाजू आधीपासूनच कापलेली होती, असे खाणवाले चौकशीत म्हणाले. अधिकाऱ्यांनी खाणीआधीचा सरळ फोटो मागितला. बाईंनी सगळी कपाटे पालथी घातली. एकही नव्हता. आईला घर सोडावे लागले.

विमानाखाली, माझ्या शेजारी बसून वैमानिकाने तिला फोन केला.

"आई, तुझं घर माझ्यामुळं गेलं."

पलीकडचे मला ऐकू आले नाही.

"हो," तो म्हणाला, "जेवलोय मी."

यंदा गच्चीवर कोणी नव्हते. विमान जराही कलले नाही. खड्ड्याचा फोटो अगदी सरळ आला. बाईंनी तो कपाटात ठेवला.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण रोज समोर दिसते ते असेपर्यंत एकदा नीट बघून ठेवा. गेल्यावर बघायला मी आहेच, आणि मला आता काही वाटत नाही.