तळ हलताना

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा अंजनाच्या ध्यानात आलं की आपण बराच वेळ नुसतंच बसून आहोत. तिनं गॅस बारीक केला. मांडीवर संडेस्कूलचा धडा उघडाच होता. बायबलातल्या इस्राएल लोकांचा अरण्यातला प्रवास.

उद्या तो तिला मुलांना शिकवायचा होता. चर्चच्या पाळकांच्या घरच्या पल्लवीताईंनी तिला गाठून सांगितलं होतं, "आम्ही सांगितलं की पोरं जांभया देतात. तुम्ही मेंढरांमागं फिरलायत. तळ मांडायचा, तळ उठवायचा, सगळं तुमच्या अंगावरून गेलंय. आणि शेवटी साक्ष द्या. देवानं वाटेत काही कमी पडू दिलं नाही, एवढं बोललात तरी पुरे."

अंजनानं मान हलवली. हल्ली ती सगळ्यालाच मान हलवायची.

दिवाळी झाली की माणदेशातून मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, खतासाठी ती कुणाच्या शेतात बसवायची, मालक देईल ते धान्य घ्यायचं आणि पुढच्या शेताकडं निघायचं, असा त्यांचा नेम. गेल्या खेपेला तासगावच्या अलीकडं तिचं तान्हं बाळ तापानं गेलं. बांधाला बाभळीखाली त्याला पुरलं. सकाळी पुढचा मालक वाट बघत होता. घोड्यावर बिऱ्हाड चढलं, मेंढरं उठली, तीही उठली. रडू तेव्हा आलं नाही, ते अजून आलेलं नाही. मग तिच्या नवऱ्यानं, मल्हारनं, मेंढरं विकली आणि सांगलीत हळदीच्या गोदामात हमाली धरली. इथंच ती दोघं ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागली. पावसाळ्यात बाप्तिस्माही झाला.

सासू रंगुबाई त्यात पडली नव्हती. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. "मोठ्यानं वाच की," ती म्हणाली. "तुजा देव काय म्हन्तोय ते आमालाबी कळू दे."

सहा वर्षांची राणी येऊन आईला टेकली. अंजनानं तिलाच सांगायला घेतलं.

"मिसराच्या राजाच्या गुलामीतनं सुटली मानसं आन् रानात आली. पानी न्हाई, झाड न्हाई."

"म्हंजी दहिवडीकडं?"

"तिकडं आता पाट आलाय गं," रंगुबाई म्हणाली.

"रोज सकाळी देव आभाळातनं मान्ना पाडायचा, खायाला. लागंल तेवढाच येचायचा. उद्याला ठिवला की किडं पडायचं."

"मग ती मानसं लय खुशीत आसतील."

"कुटलं. कुरकुर करायची. मिसरातला कांदा, लसूण आठवायची."

"लसणाबिगर कसं भागंल?" रंगुबाईनं एक पाकळी सुपात टाकली. "त्यात त्येंचं काय चुकलं?"

"देवाच्या मंडपावर ढग आसायचा. ढग बसला की तळ बसायचा, ढग उठला की उठायचं."

इथं अंजना थांबली. धड्याखाली छापलं होतं, विश्वासणाऱ्यानं आनंदानं देवामागं चालावं. पण त्या माणसांना आनंदानं उठा, असं सांगितलेलं तिला कुठं सापडलं नव्हतं. नुसतं उठा. तीही तशीच उठत आली होती. पाणी भरायचं, राणीची वेणी घालायची, मल्हारचा डबा भरायचा. सकाळी तेवढ्यापुरतं बळ अंगात यायचं, दिवेलागणीला काही उरायचं नाही. मान्ना म्हणतात तो हाच असेल. एवढी साक्ष तिला देता आली असती. 'काही कमी पडलं नाही' हे मात्र जिभेवर येत नव्हतं, आणि खोटं बोलायचं तर ते देवाच्या घरात बोलावं लागणार होतं.

राणीनं पान उलटलं. चित्रात माणसं एक पेटी खांद्यावर घेऊन चालली होती.

"ह्यात काय हाय?"

"योसेफाची हाडं. त्येंच्यातला लय जुना मानूस. मरताना म्हनला हुता, मला हितं सोडू नगा, जाताना संगं न्या."

"मग न्हेली?"

"न्हेली."

"समदी वाट?"

"समदी वाट."

रंगुबाईचा हात लसणावरच राहिला.

राणीनं चित्रातल्या पेटीवरून बोट फिरवलं. मग तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं.

"आई, मग आपल्या बाळाला संगं का न्हाई आनलं? त्येला बोलता येत न्हवतं म्हनून?"