नावेला गेरू

भीमेच्या गाळात सापडलेली बुडालेली नाव लीलाने तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली जपली होती. तिच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याने शिवलेल्या होत्या. उजनी धरणाचं पाणी चढायच्या आत ते टाके कागदावर उतरवायचे, एवढंच पुराणवस्तू खात्यातल्या या नव्या बाईच्या डोक्यात होतं. पण लेकीला ताप आला, म्हणून ती दोन दिवस सोलापुरात अडकली.

तिसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन ती नदीवर आली, तर गोणपाटं भिरकावलेली. नाव उन्हात, खराट्याने घासलेली, वर लालभडक गेरू आणि काठाला चुन्याची रेघ.

"कुणी केलं हे?"

"आमीच की!" सरपंच महिपती खुशीत म्हणाले. "मंत्रीसाहेब येणार हायेत. चिखलातली नाव दावायची व्हय?"

"वाळली की फुटेल, असं बजावलं नव्हतं मी?"

"लाकूडच हाय की, बाई."

तेवढ्यात एक फळी कडकन तडकली. लीलाचं अंग पेटलं. "शेकडो वर्षं पाण्याने सांभाळली, आणि तुम्ही दोन दिवसांत मारलीत!"

लेक दचकून रडू लागली. "तुला नाही गं, सोन्या," म्हणत लीलाने तिचा पापा घेतला, तिला गावातल्या बजाबाईकडे दिलं आणि स्वागतासाठी भरलेला हंडा नावेवर ओतला.

"अवो, रंग चालला!" सरपंच ओरडले.

"जाऊ दे! पाणी आणा!"

जमलेल्या बायकांनी घागरी उचलल्या. खराट्यातून वाचलेले टाके लीला भराभर रेखाटू लागली. मंत्र्यांची जीप येऊन थांबली, सरपंच हार घेऊन धावले. ती उठली नाही.