न फिरवलेला स्क्रू

दचकू नका, मी रायफल बोलतेय. मोंटानातल्या एका बैठ्या घरात राहणारी, वयानं शंभरी ओलांडलेली. आमच्यासारखीनं तोंड उघडलं की समोरचा आडवा होतो, म्हणून गप्प राहण्यातच मी शहाणपण मानलं. पण एका दुपारी मला जिवाच्या आकांतानं ओरडायचं होतं आणि शब्द फुटला नाही. ती दुपार सांगते.

माझ्या बोलण्याला दुकानाचा वास येईल, त्याला इलाज नाही. बरीच वर्षं मी विकायला ठेवलेली होते. तिथं बसून माणसं फार स्वस्तात वाचता येतात.

जन्म माझा पूर्वेकडच्या एका मोठ्या कारखान्यातला. अक्रोडाचा दस्ता, आठकोनी नळी आणि त्या नळीच्या पोटाशी चिकटलेली दुसरी बारीक नळी. त्या खालच्या नळीत काडतुसं एकापुढं एक निजवायची. टोकाची स्प्रिंग त्यांना मागं रेटत राहते. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली, की एक काडतूस उचललं जातं आणि थेट वरच्या नळीत जाऊन बसतं. खालच्या नळीच्या तोंडाला बूच, आणि ते बूच धरून ठेवणारा एक चिमुकला स्क्रू. या स्क्रूकडं लक्ष असू द्या. माणसाचा जीव केवढ्याशा गोष्टीवर टांगलेला असतो!

मला पहिल्यांदा विकत घेतलं हाल्वोर क्वामेनं. नॉर्वेहून आलेला हा गडी ज्यूडिथ नदीच्या खोऱ्यात मेंढरं राखायचा. कोयोटे, म्हणजे तिकडचे रानकोल्हे, आले की मला काढायचा, एरवी मी खोगिराला बांधलेल्या म्यानात. एका हिवाळ्यात त्याचा घोडा बर्फावरून घसरला तो नेमका माझ्या अंगावर. दस्ता वाचला, वरची नळी वाचली, खालच्या नळीला मात्र अंगठ्याएवढा पोचा पडला. तेव्हा माझं पोट भरलेलं होतं. पोच्याच्या अलीकडची काडतुसं नंतर वाजली, पलीकडची दोन अडकून बसली.

हाल्वोर कडी खालीवर करी आणि बायकोला म्हणे, “टोरबोर्ग, हिचं पोट काही साफ होत नाही बघ.”

“मग एरंडेल पाज,” थट्टा समजून ती म्हणे.

गावात नेऊन दुरुस्त करायचं ठरलं होतं. त्याआधीच साथ आली आणि आठवड्याच्या आत हाल्वोर गेला. टोरबोर्गनं अंगणात येऊन मला आभाळाकडं धरलं, कडी चालवली, काही बाहेर आलं नाही. “रिकामी आहे,” असं स्वतःशीच म्हणून तिनं मला दारावर टांगलं. तिची चूक कशी म्हणू? आत काय आहे हे ज्याला ठाऊक होतं, तो टेकडीवरच्या कबरीत निजला होता.

पुढं घर विकलं गेलं, वारस पांगले आणि मी डेल पर्व्हिसच्या दुकानात आले. डेल जुन्या रायफलींचा व्यापारी. शाळेची पायरी फारशी चढला नव्हता, पण गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याच्या खिशाचा तळ त्याला दिसायचा. एकदा एक शेतकरी आपल्या आजोबांची रायफल घासूनपुसून, आरशासारखी चमकवून घेऊन आला. डेलनं ती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“काय केलंस हे?”

“चार दिवस घासली, डेल! एक डाग ठेवला नाही.”

“अरे बाबा, आजोबा विकायला आणायचे होतेस. तू तर त्यांची अंघोळ-दाढी करून नवरदेव आणलास!”

आमच्या दुनियेत हे असं आहे. लोखंडाची वयानं काळपटलेली निळाई, हातांनी झिजलेलं लाकूड, खरा ओरखडा, यालाच मोल. आणि सगळ्यांत मोठं मोल कशाला, तर कारखान्यातून निघाल्यापासून कुणीच न फिरवलेल्या स्क्रूंना. त्यांच्या खाचा कोऱ्या असतात. स्क्रू-ड्रायव्हर एकदा लागला की खाचेची कड मोडते, आणि जाणता माणूस दुरूनच नाक मुरडतो.

माझे सगळे स्क्रू कोरे होते. डेल गिऱ्हाइकाला सांगायचा, “खालची स्प्रिंग गंजून मेलीय वाटतं, पण उघडायच्या भानगडीत पडू नका. हिला अजून कुणाचा हात लागलेला नाही.” पोच्यावर तर तो अख्खी गोष्ट रचायचा. त्या गोष्टीत घोड्याच्या जागी अस्वल असायचं.

अशी मी ऑरिन टीसडेलच्या घरी आले. रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेला शांत माणूस. खटका नीट पडला की नाही, हे तो आयुष्यभर कानानं ओळखत आला होता. त्याच्याकडं माझ्यासारख्या आणखी नऊ जणी. त्यानं आम्हाला जपलं ते असं, की पोटची पोर कुणी जपणार नाही. हाताच्या घामानं लोखंड गंजतं म्हणून सुती हातमोजे घालायचा. तेल उतरून दस्त्याचं लाकूड कुजू नये म्हणून आम्हाला तोंड खाली करून उभं ठेवायचा. आणि दर महिन्याला तेलाचा थेंब.

त्याची बायको व्हर्ना दारात उभी राहून म्हणायची, “तिला तेल, तिच्यासाठी हातमोजे! माझ्या गुडघ्याला कधी बोट लावलंस का रे?”

“तुझ्या गुडघ्याचे स्क्रू डॉक्टरनं फिरवलेत, व्हर्ना. तुझा भाव उतरला.”

“थांब, आज जेवायला तेलच वाढते तुला.”

हसायचे दोघं. मला मात्र हसू येत नव्हतं. मायेनं घातलेलं ते तेल थेंबाथेंबानं खालच्या नळीत उतरत होतं. हाल्वोरच्या दोन काडतुसांना चढलेला हिरवा गंज, ज्यानं त्यांना पोच्यापाशी घट्ट धरलं होतं, तो सुटत चालला होता. मागं रेटणारी स्प्रिंग मेलेली नव्हतीच. ती वाट बघत होती. आत काहीतरी केसाएवढं सरकलं की मला कळायचं, आणि बाहेर ऑरिन पाहुण्यांना कौतुकानं सांगत असायचा, “हा पोचा बघा. याला म्हणतात इतिहास!”

मग ऑरिनची बोटं सुजायला लागली. सांधे धरले, चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणारा आमचा लोखंडी घोडा अंगठ्यानं पेलवेना. दोघांनी ठरवलं, की संग्रह एकाच जाणत्या माणसाला विकायचा आणि त्या पैशात हिवाळा काढायला ॲरिझोनात मुलीकडं जायचं. मोंटानातली थंडी त्या हाडांना आता झेपण्यासारखी नव्हती. गिऱ्हाईकही मिळालं. क्लिफ राडमाखर, बिलिंग्ज शहरातला दातांचा डॉक्टर. त्याची अट एकच. दहाही तो नेणार होता, पण मी कोरी असेन तरच. माझ्यासाठीच तो येणार होता.

त्या दुपारी वारा असा सुटला होता की खिडक्या थरथरत होत्या. क्लिफ बैठकीत बसला, डोळ्याला भिंग लावलं आणि माझा एकेक स्क्रू दात तपासावा तसा तपासू लागला. फळीच्या भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. तिथं व्हर्ना रानातल्या आंबट चोकचेरी फळांचा जॅम घोटत होती. पळीचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

“कमाल आहे, ऑरिन,” क्लिफ पुटपुटला. “एकही नाही फिरवलेला. कडी चालवून बघू?”

“बघ ना. रिकामी आहे.”

रिकामी! उजेड नीट पडावा म्हणून क्लिफनं मला आडवं धरलं. माझं तोंड फळीच्या भिंतीकडं आलं. त्यानं कडी ओढली आणि मिटली. त्या हिसक्यासरशी पोच्यापाशी काहीतरी सुटलं, सरकलं आणि काडतूस वर नेणाऱ्या उचलणीवर येऊन बसलं. एवढ्या वर्षांनी!

दुसऱ्यांदा ओढू नकोस, मी ओरडत होते. अरे, आत बघ! भिंग आहे ना तुझ्या डोळ्याला! पण त्याचं भिंग स्क्रूवर होतं. त्यानं दुसऱ्यांदा कडी ओढली, वर घेतली, आणि थंडगार पितळ माझ्या वरच्या नळीत शिरलं. घोडा उभा राहिला होता. इतकं जुनं काडतूस फुटेलच असं नाही. फुटणार नाही, असं मात्र कुणी लिहून द्यावं?

घोडा उतरवायला क्लिफनं अंगठा त्यावर ठेवला आणि बोट चापाकडं नेलं. भिंतीपलीकडं पळी फिरत होती.

“थांब.”

ऑरिन इतक्या हळू बोलला की क्लिफला आधी कळलंच नाही.

“काय झालं?”

“हलू नकोस. बोट बाहेर काढ. चापापासून लांब ने. हं. आता तिचं तोंड त्या दगडी शेकोटीकडं वळव. सावकाश.”

“अहो, पण—”

“कडी जड मिटली, क्लिफ. मी तीस वर्षं ऐकतोय तिला. सावकाश वळव म्हणतो ना!”

क्लिफनं मला वळवलं. ऑरिननं पुढं होऊन आपल्या सुजलेल्या बोटांनी कडी खाली ओढली, आणि हिरवं पडलेलं काडतूस उसळून गालिच्यावर पडलं.

पळीचा आवाज थांबला. व्हर्ना दारात येऊन उभी राहिली. तिनं काडतुसाकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

“मी त्या बाजूला होते,” एवढंच ती म्हणाली.

क्लिफनं घाम पुसला आणि हसायचा प्रयत्न केला. “चला, सुटलो बुवा! गेली पीडा. आता खरोखर रिकामी झाली. द्या बांधून.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझा मात्र आता कुठं अडकला होता. दुसरं अजून आतच होतं! पोच्याच्या टोकाशी, तेलानं माखलेलं, आज ना उद्या सुटणारं. आणि मी जाणार होते एका नव्या घराच्या भिंतीवर, ‘रिकामी’ म्हणून.

ऑरिननं मला मांडीवर घेतलं, पण बांधायला नाही. तो खालच्या नळीकडं बघत होता.

“एक निघालं,” तो म्हणाला. “आणखी नसेल कशावरून?”

“हलवून बघा की.”

“हलवून तर तीस वर्षं बघितलं.” त्यानं व्हर्नाकडं पाहिलं. “तो बारका स्क्रू-ड्रायव्हर दे.”

क्लिफ ताडकन उठला. “ऑरिन, वेड लागलं का तुम्हाला? तो स्क्रू फिरवलात तर हिच्यात राहिलं काय? मी काय हिच्यानं शिकार करणार आहे? भिंतीवर लावीन, हात लावणार नाही!”

“आता लावलास तसा?”

“माझी जोखीम मी घेतो ना!”

“तुझ्या भिंतीपलीकडं कोण असतं रे?” व्हर्नानं विचारलं.

क्लिफ जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, “स्क्रू फिरला तर व्यवहार मोडला. दहाचाही. आधीच सांगून ठेवतो.”

दुकानात मी मोठमोठे सौदे तुटताना पाहिलेत. माणूस अशा वेळी छताकडं बघतो, खोकतो, मनातल्या मनात तोलतो. ऑरिनही तोलत असणार. समोर हिवाळा होता, ती बोटं होती, व्हर्नाचे गुडघे होते. आणि ज्या अभिमानावर त्यानं तीस वर्षं काढली, तो त्या एवढ्याशा खाचेत होता. त्यानं हातमोजे काढले. सुजलेली बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून व्हर्नानं येऊन माझी नळी धरली.

स्क्रू हलेना. ऑरिननं जोर लावला, पातं निसटलं आणि माझ्या निळाईवर एक पांढरा, उघडा ओरखडा उमटला. क्लिफच्या तोंडून “आई गं!” निघालं, जणू दाढ त्याचीच उपटली. ऑरिननं पुन्हा पातं बसवलं. स्क्रू फिरला. बूच उडालं, स्प्रिंग सापासारखी बाहेर आली. मग त्यानं माझं तोंड खाली केलं, पोच्यावर मूठ आपटली, एकदा, दोनदा.

दुसरं काडतूस घरंगळत बाहेर आलं आणि फरशीवरून गडगडत व्हर्नाच्या सपातेपाशी थांबलं.

तिनं ते उचललं, तेल ॲप्रनला पुसलं आणि क्लिफच्या पुढ्यात टेबलावर उभं केलं. “हे घेऊन जा. हे कोरं आहे. याला कुणी हात लावलेला नाही.”

क्लिफनं टोपी घेतली. दारापर्यंत गेला, तिथं घुटमळला. “माझ्या बैठकीत एक आहे,” तो म्हणाला. “अशीच. तिचाही स्क्रू कधी फिरला नाही.”

“मग इथं काय करतोयस?” ऑरिन म्हणाला.

हिवाळा आला. म्हातारा-म्हातारी ॲरिझोनाला गेले नाहीत. बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकला, ऑरिन शेकोटीपाशी बोटं शेकत बसू लागला. येणारे-जाणारे माझा ओरखडा बघतात आणि हळहळतात. मला त्याची लाज नाही. माझं दुःख वेगळं आहे. मला रिकामी करण्यापायी ती दोघं थंडीत अडकली.

काल संध्याकाळी क्लिफचा फोन आला. ऑरिनला फोन हातात धरवत नाही, म्हणून तो टेबलावर ठेवूनच बोलतात. त्यामुळं मलाही ऐकू आलं.

“उघडली,” क्लिफ म्हणाला. “इतके दिवस धीर झाला नाही. आज उघडली.”

“किती निघाली?”

“एकही नाही. रिकामीच होती. आणि स्क्रूची खाच पार बिघडवली मी.”

“वाईट वाटतंय?”

“मुलीची खोली त्या भिंतीपलीकडं आहे, ऑरिन. तुमच्याकडून आल्यापासून मी तिला आमच्या खोलीत निजवत होतो. आज ती तिच्या खोलीत निजलीय.”

व्हर्नानं विणकाम खाली ठेवलं.

“त्या दहा जणी अजून आहेत का?” क्लिफनं विचारलं.

“नऊ आहेत. दहावीचा भाव उतरलाय.”

“दहाही हव्यात. ठरलं होतं तेवढ्यालाच.”

ऑरिननं व्हर्नाकडं पाहिलं. ती आधीच सामानाची पेटी ओढायला उठली होती, गुडघा धरून, कण्हत, पुटपुटत.

तर मी निघालेय. जिथं जाईन तिथं लोक मला भिंतीवरून उतरवतील, वळवून बघतील, तुम्हीही कधी बघाल. माझं एवढंच मागणं आहे. तोंड सुरक्षित बाजूला करा, आत बघा, आणि शंका आली तर खाच मोडली तरी मोडू द्या. कौतुक मागाहून करा. मला घाई नाही.