रंगवलेला खड्डा

मी एक जुनी गाय आहे. तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची आणि मोंटानातल्या थॉर्वल्ड ब्रेक्केच्या कुरणावरच्या अख्ख्या कळपाची म्होरकी. मित्रांनो, म्होरकी कोणी नेमत नाही. जिच्यामागे बाकीच्या निमूट चालतात, ती म्होरकी. मला अक्षर कळत नाही, पण वारा कुठून फिरला ते नाकाने कळतं. दांडगे वळूसुद्धा मला वाट देतात. अशी मी, आणि तरी जन्मभर एका गोष्टीला भीत आले.

कुरणातली गाडीवाट जिथे कुंपणाबाहेर पडते, तिथे पूर्वी एक खड्डा होता. त्यावर पांढऱ्या रंगाच्या लोखंडी नळ्या, मध्ये फटी. गाड्या वरून जात, गुरांचे पाय मात्र अडकत. मी वासरू असताना माझी आई घाईत त्यावर गेली. कटकन आवाज झाला. मग थॉर्वल्ड बंदूक घेऊन आला.

तेव्हापासून तसं पांढरं काही दिसलं की माझ्या पायांतलं बळ जायचं. मी थांबले की कळप थांबायचा.

पुढे नळ्या गंजल्या. थॉर्वल्डने खड्डा बुजवला, वर डांबर ओतलं आणि त्यावर नुसते पांढरे पट्टे ओढले, कारण गुरं तेवढ्यालाच बिचकतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला तिथे खड्डाच दिसायचा, आणि खड्ड्यात आई.

पट्ट्यांच्या शेजारी गुरांसाठी फाटक होतं. थॉर्वल्डचा मुलगा लायल, वासरांना बाटलीने दूध पाजणारा, हळू बोलणारा, एकदा ते लावायला विसरला. वासरं रस्त्यावर गेली आणि ट्रकखाली आली. थॉर्वल्डने जाड तार आणली आणि पकडीने पिळून पिळून फाटक कायमचं बांधून टाकलं.

"बाबा, एकदाच चुकलं माझं. फाटकच बांधून कसं चालेल?"

"तू आहेस ना, म्हणून बांधलं. साधं फाटक लावता येत नाही, आणि निघाला कुरण सांभाळायला!"

"आणि गुरं घाईने बाहेर काढायची वेळ आली तर?"

"तेव्हा मी असेन. तू जा, कोंबड्यांना दाणे टाक."

लायल तिशीचा बाप्या, पण बापाचा आवाज चढला की त्याचा उजवा हात थरथरायचा. मी कुंपणाआडून पाहायचे. ते थरथरणं माझ्या ओळखीचं होतं.

त्या उन्हाळ्यात गवत पायाखाली मोडायचं, इतकं वाळलं होतं. भर दुपारी पाऊस नसताना वीज पडली. धुराचा वास मला आधी आला. मी हंबरले आणि धूर नव्हता तिकडे पळत सुटले. कळप माझ्यामागे. कुंपणापलीकडे नदीचा ओला काठ दिसत होता. आणि अलीकडे, ऐन वाटेत, पांढरे पट्टे.

मी थांबले. सगळ्या थांबल्या.

मागच्या गायी अंगावर रेटत होत्या. वासरं पोटाखाली शिरत होती. आग उतारावरून गवत खात येत होती. मला आगीची भीती होती, पण पट्ट्यांची जास्त. हसू नका.

बापलेक घोडे फेकत आले. थॉर्वल्ड फाटकाकडे धावला. "पक्कड दे!"

"घरी राहिली, बाबा. 'आहेस तसा नीघ' म्हणालात."

थॉर्वल्ड हातांनीच तार ओढू लागला. बोटं रक्ताळली. त्याने पिळलेली तार त्यालाच सुटेना. मग तो आसूड घेऊन माझ्याकडे वळला. "चल गं भवाने! नुसता रंग आहे तो!" आसुडाने पाठीवर जाळ उठला. मी मागेच सरले. एक वासरू खाली पडलं.

"बाबा, थांबा."

"बाजूला हो!"

"नाही होणार. तुम्ही ओरडलात की तिला खड्डाच दिसतो. मलाही तसंच होतं. जरा गप्प बसा."

बापाला असं कोणी कधी बोललं नव्हतं. लायलचा हात थरथरत होता. त्याच हाताने त्याने घोड्याचं खोगीर उतरवलं, खालची घोंगडी ओढली आणि पट्ट्यांवर अंथरली. ती अर्ध्यातच संपली. थॉर्वल्डने आसूड टाकला, आपल्या घोड्याची घोंगडी काढली आणि मुलाच्या घोंगडीला लावून पसरली.

लायल घोंगड्यांवरून उलटा चालत गेला, हात माझ्याकडे करून. "ये म्हातारे. ये बाई. मी आहे."

मी डोळे मिटले. पाय टाकला. घोंगडीला घोड्याच्या घामाचा वास होता. एक खूर कडेने घसरून थेट पट्ट्यावर पडला. खाली टणक जमीन. खड्डा नव्हता. आई नव्हती.

माझ्यामागून कळप पार झाला. आमच्या पाठीमागे कुंपणाचे खांब पेटले.

नदीकाठी थॉर्वल्ड रक्ताळलेले हात पाण्यात धरून बसला. लायलला म्हणाला, "नव्या फाटकाला कडी लाव. उघडणारी."

"आणि लावायला विसरलो तर?"

"मी येतोच की मागून. मी लावेन."

आता मी थकले आहे. मला वासरं होत नाहीत. अशा गायी इथे ठेवत नाहीत, पण लायलने मला ठेवलंय. नवं फाटक पट्ट्यांच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला बसवलंय. पट्टे फिके झाले, पुन्हा कोणी रंगवले नाहीत. वासरं त्यावरून बागडतात. मी मात्र तिथे गेले की अजून पाय लटपटतात. लायलचाही हात थरथरतो. पण तो बोलणं अर्धं सोडत नाही, आणि मी वाट.

मित्रांनो, घाबरलेल्याच्या पाठीवर आसूड ओढू नका. त्याला काय दिसतंय ते आधी बघा. तुमच्याकडे असेल ते त्याच्या वाटेवर अंथरा आणि स्वतः पुढे चाला. माझ्यासारखी हट्टी म्हातारीसुद्धा मागून येते.